आपण म्हणजे कोण कोण

हिवाळी सूचनापत्र लिहायचं काम शाळेत भाषेच्या बाईंकडे होतं. ते त्यांच्याकडे कधी आणि कसं आलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि आठवायच्या भानगडीतही कुणी पडत नव्हतं. न जाणो, आपल्याच गळ्यात यायचं.

पाचवी ते आठवीची शाळा. थंडी चांगली पडली की घरोघरी एक कागद जायचा, पाठपोट छापलेला. धुकं असेल तोवर शाळा उशिरा भरेल. स्वेटरला आणि टोपीला आतून नाव घालावं. अंगात ताप असेल तर परीक्षा बुडेल म्हणून मुलाला शाळेत पाठवू नये, परीक्षा कुठं पळून जात नाही. हरवलेल्या वस्तूंची पेटी ग्रंथालयात आहे, ती एकदा येऊन बघावी. हाच मजकूर आता पालकांच्या फोनवरही जात असे, पण म्हणून कागद बंद करायला बाईंनी साफ नकार दिला होता. फोनवरची सूचना अंगठ्यानं वर सरकवली की संपली. कागद निदान दप्तराच्या तळाशी चुरगळून का होईना, पडून राहतो.

लिहिण्याची त्यांची एक पद्धत होती. सूचना लिहून झाली की शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभं राहून ती मोठ्यानं वाचायची. शाळेची सूचना वाचतं कोण? बाईंच्या डोळ्यांसमोर एक आई असे. ती स्वयंपाकघरात उभी आहे, हात ओले आहेत, ओल्या हाताच्या दोन बोटांत कागदाचा कोपरा धरलाय आणि एक डोळा गॅसवर आहे. तिला एखादं वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागलं, तर वाक्य नापास. मग खोडून पुन्हा लिहायचं. इतक्या वर्षांत ती आई बदलली नव्हती, तिचे हातही वाळले नव्हते.

यंदा बाईंनी एक नवी सूचना घातली होती. सुटी लागण्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी तासभर घरोघरी वाचन व्हावं, मोठ्यांनी मुलांबरोबर बसावं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. खरं तर त्यांच्या मनात सगळ्यांना शाळेतच बोलवायचं होतं. पण मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, कपाळाला हात लावला होता. शनिवारी संध्याकाळी ग्रंथालय उघडायचं, हीटर लावायचे, वर दीडशे माणसांच्या खुर्च्या मांडायच्या, कोण करणार? ज्यानं त्यानं आपापल्या घरी वाचावं, ते म्हणाले. त्यांचंही काही चूक नव्हतं. तेव्हा वाक्य तयार झालं ते असं: ‘सुटीपूर्वीच्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा आपण सर्वांनी मुलांसोबत एकत्र बसून वाचायचे आहे.’

मोठे सर म्हणाले, त्या ‘आपण’च्या जागी ‘तुम्ही’ केलंत तरी चालेल, सुटसुटीत होईल. बाई म्हणाल्या, पालकांना तुम्ही म्हणायला ही काय भाजीची घासाघीस आहे? सरांनी हात जोडले. वाक्य तसंच छापलं गेलं.

त्याच आठवड्यात सातवीला सर्वनामं चालली होती. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक शिकवायला बाईंना फार आवडायचं, कारण तो मुलांना येत असतो, फक्त आपल्याला येतो हे माहीत नसतं. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं तर ऐकणाऱ्यानं घरी जावं. ‘आपण जेवायला चाललो’ म्हटलं तर ऐकणाऱ्यानं चपला घालाव्यात. एवढाच फरक. आणि मग एक तिसरी गंमत, परक्या माणसाला मान द्यायचा असला तरी ‘आपण’च म्हणतात: आपण बसावं, आपण कोण?

मुलांनी उदाहरणं द्यायला सुरुवात केली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, मोठे सर म्हणतात आपण सोमवारी परीक्षा घेणार आहोत, पण देतो तर आम्हीच. दुसरा म्हणाला, दातांचे डॉक्टर म्हणतात, चला, आता आपण हा दात काढू, पण दात कुणाचा? वर्ग हसून हसून लोळला. बाईही हसल्या. दाताचं उदाहरण त्यांनी पुढच्या वर्षासाठी मनात टिपून ठेवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या वर्षी त्या निवृत्त झालेल्या असतील.

तेवढ्यात खिडकीजवळचा हात वर झाला. त्या मुलीला सगळा वर्ग शंकाताई म्हणायचा. तिचं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. तास संपायची घंटा व्हावी आणि शंकाताईचा हात वर जावा, असं इतक्यांदा झालं होतं की मुलं घंटेपेक्षा त्या हातालाच घाबरत. शंका अशी होती की, माणूस एकटाच असेल आणि स्वतःशीच बोलत असेल, तर काय म्हणायचं? ती संध्याकाळी घरी असते तेव्हा ‘चला, आता आपण जेवण गरम करू’ असं म्हणते. तिथं ऐकणारं कुणी नसतं. मग ते ‘आपण’ कसं झालं?

मुलं पुन्हा हसली. शंकाताईही थोडी हसली, कारण आपण काहीतरी गमतीदार बोललो असं तिला वाटलं.

बाई म्हणाल्या, तिथं बोलणारीही तूच आणि ऐकणारीही तूच, म्हणून बरोबर आहे. उत्तर व्याकरणाला धरून होतं. तरी वर्गाबाहेर पडताना त्यांना वाटत राहिलं की ते अर्धंच दिलं. घरी कुलूप उघडताना त्या स्वतः काय म्हणतात, हे त्यांना तेव्हा आठवलं. ‘चला, आता आपण चहा टाकू.’

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला.

मुलगा लांबच्या शहरात होता, बायको आणि मुलासह. नातू सहावीत होता. हिवाळ्याच्या सुटीत ते तिघं येत, आठवडाभर राहत आणि त्या आठवड्यावर बाईंचं उरलेलं वर्ष उभं असे. यंदाही त्यांनी दुलया उन्हात घातल्या होत्या, कपाटातले दोन कप्पे रिकामे केले होते, नातवाला आता पाय लांब करून झोपायला पुरेल का म्हणून पलंग हातानं मोजून पाहिला होता.

मुलगा इकडचं तिकडचं बोलला. तिथली थंडी, नातवाचा खोकला, ऑफिसातली माणसं. मग म्हणाला, “आई, यंदा सुटीत आम्ही समुद्राकडे जायचं ठरवतोय. म्हणजे तुझ्याकडे येणं जमणार नाही गं.”

“छान आहे की,” बाई म्हणाल्या. “पोराला हवापालट होईल.”

मग त्यांनी खोकल्यावर काय द्यावं ते सांगितलं, समुद्रावर वारा असतो तेव्हा कान झाकायला हवेत तेही सांगितलं. फोन ठेवला. खुर्चीत बसल्या. सकाळीच त्यांनी फळ्यावर लिहून दिलं होतं की ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा त्यात नसतो. इतकी वर्षं त्या हे शिकवत आल्या होत्या आणि इतक्या वर्षांत व्याकरणाचा त्यांना असा राग कधी आला नव्हता.

त्यांना विचारता आलं असतं. मी येऊ का तुमच्याबरोबर, एवढंच. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण एकदा विचारलं आणि तिकडून जरा गप्प झालं तर? सूनबाई काय म्हणेल, खोल्या किती घेतल्या असतील, म्हातारं माणूस बरोबर म्हणजे चालणं हळू, जेवणाच्या वेळा सांभाळा. नकार मिळाला तर तो पुढच्या सगळ्या फोनांमध्ये बसून राहील. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. दुलया त्यांनी पुन्हा घडी घालून वर ठेवल्या.

शनिवारी शाळा दुपारीच सुटली. बाई घरी गेल्या, जेवल्या, आडव्या झाल्या आणि चार वाजायच्या सुमारास पुन्हा शाळेकडे निघाल्या. हरवलेल्या वस्तूंची पेटी आवरायची राहिली होती, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की, पाच ते सहा घरोघरी वाचन चाललेलं असणार, आणि ते ज्यांनी करायला लावलं त्यांच्या घरात तेवढ्या वेळात नुसतं घड्याळ वाजत राहणार, हे काही त्यांना सोसवत नव्हतं.

शिपाईकाका दारं-खिडक्या तपासत फिरत होते. बाईंना बघून म्हणाले, “काय बाई, घरी भांडणबिंडण झालं की काय?”

“भांडायला तरी दुसरं माणूस लागतं, काका.”

काकांनी मान हलवली आणि ग्रंथालयाचा हीटर लावून दिला. मोठ्या सरांना सांगू नका, म्हणाले.

पेटीत नेहमीचंच होतं. एका हाताचे मोजे, कानटोप्या, एक डबा ज्याचं झाकण उघडायची हिंमत बाईंना झाली नाही, आणि सात-आठ स्वेटर. एकावरही आतून नाव नव्हतं. बाईंनी एकेक स्वेटर टेबलावर पसरून घडी घालायला घेतला. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं आणि मैदानाच्या पलीकडची घरं पुसट होत चालली होती. एकेका खिडकीत दिवा लागत होता. त्यांतल्या काही खिडक्यांत आत्ता कुणी कुणाला वाचून दाखवत असेल, असा विचार करून त्यांनी थोडं समाधान मानून घेतलं.

दार वाजलं. काका असतील म्हणून त्यांनी वर पाहिलं नाही.

“बाई, आत येऊ?”

शंकाताई होती. डोक्यावरून लोकरीची ओढणी, नाक लालबुंद, छातीशी धरलेलं एक जाडजूड पुस्तक. ती आत आली, खोलीभर नजर फिरवली, रिकाम्या खुर्च्या बघितल्या आणि म्हणाली, “मी फार लवकर आले का?”

“कशाला लवकर?”

“वाचायला. पाच ते सहा.” तिनं ओढणी सोडली. “बाकीचे कधी येणारेत?”

बाईंच्या हातातला स्वेटर हातातच राहिला. आधी त्यांना वाटलं, पोरीनं नीट वाचलं नाही. मग वाटलं, कुणी खोडसाळपणानं पाठवली. मग त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात म्हटलं. आपण सर्वांनी मुलांसोबत एकत्र बसून वाचायचे आहे. कुठं बसून, ते लिहिलेलंच नव्हतं. त्याच्या वरची सूचना ग्रंथालयातल्या पेटीची होती.

“सूचना कुणी वाचली घरी?” त्यांनी विचारलं.

“मीच. सूचना मीच वाचते आणि बाबांना सांगते. ते बसवर असतात ना, लांबच्या गाडीवर. त्यांच्या फोनवर डेपोचे इतके निरोप येतात की शाळेचं सापडतच नाही.” आई परगावी नोकरीला होती, महिन्याआड यायची, हे बाईंना ठाऊक होतं. “मी बाबांना म्हटलं, शनिवारी आपण सगळे शाळेत वाचणार आहोत. ते म्हणाले, जा, मी डेपोतून परस्पर घ्यायला येतो.”

बाकी घरांमध्ये ते वाक्य आईनं वाचलं, बापानं वाचलं, आजोबांनी वाचलं. त्यांना ते ‘आपण’ मानाचं वाटलं, म्हणजे तुम्ही. कुणालाही दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. पण ज्या घरात कागद दप्तरातून काढणारीही मुलगीच आणि वाचणारीही तीच, त्या घरात ‘आपण’ म्हणजे दुसरं काय होणार? इतकी वर्षं ओल्या हातांची आई समोर ठेवून त्या लिहीत आल्या, आणि स्वयंपाकघरात आईच नसेल असं त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही. आणि वाक्य पक्कं ठसावं म्हणूनच जणू फरक शिकवला तोही त्यांनीच, त्याच आठवड्यात. एरवी शंभर शंका काढणाऱ्या पोरीला या एका वाक्याची शंका आली नव्हती.

आता सोपं एवढंच होतं की गप्प बसायचं. बाकीच्यांना थंडीमुळे जमलं नसेल, असं म्हणायचं आणि पुस्तक उघडायचं. पोरीला कळलंही नसतं. बाईंना तो मोह झाला, चांगला घटकाभर झाला. पण कधीतरी वर्गात बोलणं निघणार, मग हिला कळणार की सगळे घरी होते आणि आपणच तेवढे गेलो. ते तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा इथं हीटरजवळ कळलेलं बरं. शिवाय चुकीचा अर्थ बरोबर म्हणून त्यांनी आजवर एकाही मुलाला दिला नव्हता.

“बस इथं,” त्या म्हणाल्या. “ते ‘आपण’ मानाचं होतं गं. पालकांसाठी. त्यांनी त्यांच्या घरी मुलांबरोबर वाचायचं, असं म्हणायचं होतं मला.”

शंकाताई विचार करत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, गणितात पडते तशी.

“म्हणजे कुणीच येणार नाही?”

“नाही.”

“म्हणजे मी चुकले.”

“तू नाही चुकलीस. वाक्य चुकलं. तू ते अगदी बरोबर वाचलंस.”

ती थोडा वेळ पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग मान वर करून, पट्टी मिळेल का म्हणून विचारतात तितक्या सरळपणे म्हणाली, “मग मी घरी जाऊ, की बसू?”

बाईंना तिच्याकडे बघतच राहावंसं वाटलं. रुसवा नव्हता त्यात, लाजही नव्हती. दोन शक्यता होत्या, तिला एक कळायला हवी होती.

“बस,” त्या म्हणाल्या. “बसच.”

जाडजूड पुस्तक म्हणजे गोष्टीचं पुस्तक नव्हतं. घरात दुसरं काही सापडेना म्हणून पोरीनं बापाच्या बसची ‘चालक व देखभाल पुस्तिका’ उचलून आणली होती. पानांना वंगणाचे डाग होते. बाईंनी शेल्फाकडे हात केला, म्हणाल्या, इथलं हवं ते घे. पण शंकाताईचं म्हणणं पडलं की पुस्तक घरून आणलंय तर तेच वाचावं, नाहीतर इतकं जड उगीच वाहून आणलं. त्यांनी आळीपाळीनं एकेक पान वाचायचं ठरवलं.

ती पुस्तिका कुठल्या तरी परदेशी भाषेतून कुणीतरी रात्रीत उरकल्यासारखी मराठीत आणली होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘ब्रेक दाबल्यावर वाहन थांबते. न थांबल्यास ब्रेक दाबला गेला नाही असे समजावे.’ बाईंनी ते वाक्य अगदी गंभीरपणे, धडा वाचावा तसं वाचलं आणि मग दोघींना हसू आवरेना. पुढं होतं, ‘थंड हवामानात इंजिन सुरू न झाल्यास चालकाने नाराज होऊ नये.’

“बाबा नाराज नाही होत,” शंकाताई म्हणाली. “शिव्या देतात.”

बाईंनी पेन्सिल काढली. प्रत्येक वाक्य कसं लिहायला हवं होतं ते दोघी ठरवायला लागल्या आणि समासात बारीक अक्षरात लिहायला लागल्या. बापाला विचारल्याशिवाय त्याच्या पुस्तकात लिहायचं का, ही शंका निघाली. पेन्सिलीचं खोडता येतं, असा निकाल लागला. इंजिनाचं तापमान, टायरमधली हवा, खिडकीची काच पुसायची पट्टी. शंकाताई अडखळत वाचायची, पण अडखळली की थांबून शब्द फोडायची, पुढं ढकलून द्यायची नाही. बाईंना हे वाचन आवडतं. भराभरा वाचणारी मुलं पुष्कळ असतात.

एका पानाच्या मधेच ती थांबली.

“बाई, तुम्ही कुणाबरोबर वाचणार होतात?”

“मी? कुणाबरोबर नाही.”

“म्हणजे सूचना दिलीत तुम्ही आणि पाळणार नव्हतात तुम्हीच.”

“नव्हते खरी.”

तिनं ते मान्य केलं. मग म्हणाली, “तुमचा नातू येणार होता ना सुटीत? सहावीतला. तुम्ही सांगितलं होतंत वर्गात.”

“नाही येत. ते सगळे समुद्राकडे चाललेत.”

“आणि तुम्ही?”

“मी इथंच.”

“तुम्हाला आवडत नाही समुद्र?”

“आवडतो की. का नाही आवडणार.”

“मग का नाही जात?”

“मला बोलावलं नाही त्यांनी.”

“तुम्ही विचारलंत?”

बाईंनी पेन्सिलीचं टोक निरखून पाहिलं. “नाही विचारलं.”

“का?”

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर बाईंनी विषय बदलला असता. पण या मुलीच्या प्रश्नांना खरं उत्तर द्यायची त्यांना सवय लागली होती. “उत्तर काय येईल, याची भीती वाटते कधी कधी.”

शंकाताईनं समजल्यासारखी मान डोलावली. “मला पण वाटते. सगळे हसतात ना. पण नाही विचारलं तर मग पुढचं काहीच कळत नाही, नुसतं बसून राहावं लागतं.” एवढं बोलून तिनं पुस्तक पुढं ओढलं आणि टायरमधली हवा पुन्हा सुरू केली. तिच्या लेखी विषय संपला होता.

साडेसहा वाजले तरी त्या वाचतच होत्या. मग दारात तिचे वडील आले. अंगावर डेपोचा जाड कोट, हातात टोपी, कोटाला डिझेलचा आणि थंडीचा वास. उशीर झाल्याबद्दल दोनदा माफी मागून झाली, मग त्यांचंही लक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे गेलं.

“बाकीचे गेले वाटतं?”

“बाकीचे येणारच नव्हते, बाबा,” शंकाताई ओढणी गुंडाळत म्हणाली. “बाईंचं वाक्य चुकलं होतं.”

बाप कावराबावरा झाला. “अगं, असं बोलतात का मोठ्यांना?”

“खरं तेच बोलतेय ती,” बाई म्हणाल्या. “आणि तुमच्या पुस्तकात आम्ही पेन्सिलीनं लिहून ठेवलंय थोडं. रागावू नका.”

त्यांनी पुस्तक उघडून दिव्याखाली धरलं, दोन-तीन पानं वाचली, आणि दमलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. हे आता वाचता येतंय, म्हणाले. मग त्यांनी पुस्तक स्वतःच्या काखेत मारलं, मुलीच्या कानांवर ओढणी ओढली. “येतो, बाई,” म्हणाले. शंकाताईही “येते” म्हणाली आणि दारातून मागं वळून न बघता निघाली, कारण ती तोवर बापाला ब्रेकचं वाक्य सांगायला लागली होती. मैदानावरून त्यांचे आवाज थोडा वेळ येत राहिले. मग धुक्यानं तेही घेतले.

काकांनी हीटर बंद केला. खोली लगेच गार पडली. बाईंनी घडी घातलेले स्वेटर पेटीत ठेवले आणि शाल नीट लपेटून बाहेर पडल्या.

रस्त्यात त्या दुसरंच काहीतरी मोजत होत्या. शाळेत इतकी मुलं. त्यांतल्या आणखी किती घरांत तो कागद मुलानं एकट्यानं वाचला असेल? एखाद्यानं वाचून ठरवलं असेल की आपल्या घरी मोठं कुणी नाही, तेव्हा हे आपल्यासाठी नाहीच. तो आलाही नसेल आणि त्यानं विचारलंही नसेल. त्याचं काय झालं, हे बाईंना कधीच कळणार नव्हतं. सूचना लिहिणाऱ्याला ते कळत नसतं.

घरी आल्यावर त्यांनी दिवा लावला. चहा टाकला नाही. शालही काढली नाही. विचार करायला वेळ मिळाला तर हात मागं येईल हे त्यांना माहीत होतं, म्हणून उभ्या उभ्याच त्यांनी फोन लावला.

मुलानं लगेच उचलला. “काय गं आई? बरी आहेस ना?”

“बरी आहे. एक विचारायचं होतं.” त्यांनी श्वास घेतला. “मी येऊ का तुमच्याबरोबर समुद्राकडे?”

तिकडून काही आलं नाही.

बाईंच्या पेशात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकावी लागते. प्रश्न विचारला की गप्प राहायचं. मूल घुटमळतं, वर बघतं, खाली बघतं, आणि आपल्याला दया येऊन आपणच उत्तर देऊन टाकतो, तिथंच सगळं बिघडतं. वाट बघायची. वर्गात त्यांना ते सहज जमायचं. इथं मात्र जिभेवर वाक्यं रांग लावून उभी राहिली. ‘नसेल जमत तर राहू दे.’ ‘मी आपलं सहज विचारलं.’ ‘इतक्या लांबचा प्रवास मला कुठं झेपतोय.’ त्यांतलं एक जरी बाहेर पडलं असतं तर मुलाची सुटका झाली असती आणि त्यांचीही. बाईंनी ओठ मिटून ठेवले. फोनमधून नळाचा आवाज येत होता, टीव्हीचा आवाज येत होता, नातू खोकत होता. खोकला अजून गेला नव्हता.

“तुला यायचं होतं?” शेवटी मुलगा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, लहानपणी काहीतरी फुटल्यावर व्हायचा तसा. “तू तर छान आहे की म्हणालीस.”

“म्हणाले.”

“अगं, मला वाटलं तुला थंडीत प्रवास नको असतो. म्हणून विचारलंच नाही.” तिकडचा नळ बंद झाला. “खोली एकच घेतलीये आई. आता दुसरी मिळते का, मला खरंच माहीत नाही. हिच्याशीही बोलावं लागेल. मी नक्की असं काही सांगू शकत नाही आत्ता.”

“नको सांगू. बघ आधी.”

“बघतो. उद्या फोन करतो तुला.”

एरवी त्या इथं ‘बरं’ म्हणून फोन ठेवून देत. आणि मग उद्याचा अख्खा दिवस फोनच्या आसपास हिंडत काढत, अंघोळीला जाताना दार किलकिलं ठेवून.

“उद्या कधी?” बाईंनी विचारलं. “सकाळी की संध्याकाळी?”

तिकडे मुलगा हसला. बावरलेलं हसू होतं ते, पण हसला. “संध्याकाळी, आई.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी म्हणजे अजून पुष्कळ वेळ होता, आणि उत्तर नाही असंही येऊ शकत होतं. त्यांनी शाल काढून खुंटीला लावली, खिडकीची कडी नीट बसली आहे का ते पाहिलं आणि एकाच माणसाचं जेवण गरम करायला ठेवलं.